आईचा कॅन्सर लिव्हरमध्ये सापडला, पण सुरू कुठे झाला ते कळत नाही. ‘मॉलिक्युलर टेस्ट’ करावी का?

उदगीरची_लेक

नमस्कार. आई ६१ वर्षांची आहे. संक्रांतीनंतर तिचं जेवण तुटलं आणि उजव्या बरगडीखाली दुखायला लागलं. लातूरला सोनोग्राफी केली तर लिव्हरमध्ये एक मोठी गाठ, आठ सेंटिमीटरची, आणि आजूबाजूला चार-पाच लहान. बायोप्सीत ‘मेटास्टॅटिक अ‍ॅडेनोकार्सिनोमा’ आलं, म्हणजे ग्रंथीच्या पेशींचा, दुसरीकडून पसरलेला कॅन्सर. पेट स्कॅन, वरून आणि खालून दुर्बीण, मॅमोग्राफी सगळं झालं. मूळ कुठेच दिसत नाही. फाइलवर ‘प्रायमरी अननोन’ लिहिलंय.

पेशींवर कोणत्या अवयवाच्या खुणा सापडल्या, ते रिपोर्टमधलं जसंच्या तसं देते: सीके-७ पॉझिटिव्ह. सीके-२०, टीटीएफ-१, गाटा-३, पॅक्स-८ निगेटिव्ह.

एका लॅबचा माणूस भावाला भेटला. म्हणाला, मॉलिक्युलर टेस्ट केली की मूळ कळेल, दीड लाखाच्या आसपास खर्च येईल. भाऊ सोयाबीनचे पैसे त्यात घालायला तयार आहे. आई रोज विचारते, “माझं नेमकं काय दुखतंय गं?” मला उत्तर देता येत नाही. करावी का ही टेस्ट?

माणदेशी

ताई, माझ्या मेहुण्याच्या मानेत गाठ आली होती, तोंडात-घशात काही दिसत नव्हतं. त्याच बायोप्सीच्या तुकड्यावर पी-१६ या प्रथिनाची तपासणी केली, ती पॉझिटिव्ह आली आणि डॉक्टर टॉन्सिल-जिभेच्या मुळाकडे वळले. रेडिएशन आणि केमो झालं, आता बरा आहे. महागडी टेस्ट लागली नाही. आईंचं दुखणं वेगळं आहे, पण आधी साध्या तपासण्या पूर्ण झाल्यात का, ते विचारा.

काचपट्टीवाला

ताई, मी पॅथॉलॉजिस्ट आहे, पुण्यात. बावीस वर्षं अशाच बायोप्सी बघतोय. आईंना मी तपासलेलं नाही, त्यामुळे उपचार त्यांचे डॉक्टरच ठरवतील. पण रिपोर्टबद्दल आणि त्या टेस्टबद्दल मनापासून सांगतो.

लॅबच्या माणसाला आधी एकच विचारा: तुमची टेस्ट नेमकी कोणती? ‘मॉलिक्युलर’ या एका नावाखाली दोन वेगळ्या गोष्टी विकल्या जातात.

पहिली मूळ शोधणारी. माणूस उदगीर सोडून वीस वर्षं पुण्यात राहिला तरी बोलण्यातला हेल जात नाही, तसं पेशीचं असतं. आतड्यातली पेशी लिव्हरमध्ये जाऊन वाढली तरी तिच्यात कोणती जनुकं जागी आणि कोणती झोपलेली, हे बरंचसं आतड्यासारखंच राहतं. त्या जनुकांची पातळी मोजून ओळखीच्या कॅन्सरांशी ताडून बघतात. एका प्रचलित टेस्टमध्ये अशी ९२ जनुकं आहेत. उत्तर ‘अमुक अवयव असण्याची शक्यता इतकी’ असं येतं. पेशी फारच बिघडलेल्या असतील तर तो हेलही पुसट होतो.

दुसरी म्हणजे एनजीएस पॅनल. त्यात डीएनएमधले बिघाड वाचतात. मूळ सांगणं हा तिचा मुख्य हेतू नाही. ज्यावर औषध आहे असा बिघाड सापडतो का, हे ती बघते.

मूळ कळलं की आयुष्य वाढतंच, असं समजू नका. जपानमध्ये १३० रुग्णांवर हे करून पाहिलं, निकाल २०१९ मध्ये आला. निम्म्यांना टेस्टने सांगितलेल्या अवयवाप्रमाणे औषधं, निम्म्यांना नेहमीचं केमो, कार्बोप्लॅटिन-पॅक्लिटॅक्सेल. वर्षभरानंतर पहिल्या गटात ४४ टक्के हयात होते, दुसऱ्यात ५४.९. म्हणजे फायदा दिसला नाही. पुढे शांघायमध्ये ९० जनुकांची टेस्ट वापरून १८२ रुग्णांचा अभ्यास झाला, २०२४ मध्ये छापून आला. तिथे आजार पुन्हा वाढेपर्यंतचा काळ ६.६ महिन्यांवरून ९.६ वर गेला. मी दोन्ही सांगतो, कारण नातेवाइकांना बहुतेक वेळा फक्त शांघायचाच निकाल सांगितला जातो.

आता आईंचा रिपोर्ट. सीके-७ आहे, सीके-२० नाही, फुप्फुस, स्तन, अंडाशयाच्या खुणा नाहीत. अशा वेळी माझं लक्ष पित्तनलिका, स्वादुपिंड, जठर यांकडे जातं. त्यात एक मोठी गाठ आणि भोवती लहान, हे चित्र वाचून मी थबकलो. लिव्हरच्या आतल्या पित्तनलिकेतच सुरू झालेला कॅन्सर बऱ्याचदा असाच दिसतो, आणि ‘दुसरीकडून आलेला’ असा शिक्का त्याच्यावर बसतो. दोघांना खात्रीने वेगळं करणारा, स्लाइडवर द्यायचा एकही रंग आमच्याकडे नाही. म्हणून स्लाइड आणि स्कॅन एकत्र बघायला हवेत. परळच्या टाटामध्ये किंवा जिथे लिव्हरचं काम जास्त चालतं अशा ठिकाणी दोन्ही दाखवा.

तसं निघालं तर एनजीएसला खरा अर्थ येतो. या प्रकारात १० ते १५ टक्के रुग्णांत एफजीएफआर-२ जनुक दुसऱ्याशी जोडलं गेलेलं असतं, त्यावर गोळी आहे. काहींमध्ये आयडीएच-१ चा बिघाड असतो. पॅनलमध्ये आरएनए तपासतात का, हे आवर्जून विचारा. नाहीतर तो जोड निसटू शकतो.

आणि कळकळीची विनंती: ब्लॉक, म्हणजे बायोप्सीचा तुकडा ज्यात बसवलेला असतो तो मेणाचा ठोकळा, सांभाळा. सुईच्या बायोप्सीत तुकडा दोऱ्याएवढा असतो. प्रत्येक नवी तपासणी त्यातलाच काप घेते. ‘अजून दोन रंग करून बघू’ करत ब्लॉक संपलेला मी कितीदा पाहिलाय. मग पेशंटला पुन्हा सुई. रिपोर्टची वाट बघत केमो मात्र लांबवू नका.

उदगीरची_लेक

डॉक्टर, तुमचं लिहिलेलं भावाला मोठ्याने वाचून दाखवलं. लॅबच्या माणसाला फोन केला, ती पहिल्या प्रकारची टेस्ट निघाली. सध्या थांबवली. भाऊ काल लातूरहून ब्लॉक आणि स्लाइड सही करून घेऊन आला, सोमवारी परळला जातोय. तिथली तारीख लांबली तरी केमो इथेच सुरू करू असं आमचे डॉक्टर म्हणाले. आईला सांगितलं, बहुतेक लिव्हरच्या आतच सुरू झालंय, नक्की करायला मुंबईला दाखवतोय. ती म्हणाली, “मग तसं सांगायचं ना.” त्या दिवशी भाकरी खाल्ली अर्धी.

एक विचारायचं राहिलं. ब्लॉक फ्रिजमध्ये ठेवायचा का? इकडे ऊन फार आहे.

काचपट्टीवाला

फ्रिजची गरज नाही, घरातलं आतल्या बाजूचं कपाट पुरेल. पण तो ब्लॉक मेणाचा असतो. बंद गाडीत, डॅशबोर्डवर अजिबात ठेवू नका. प्रवासात भावाला हातातल्या पिशवीत घेऊ द्या, आणि परळला काउंटरवर देताना ब्लॉकच्या नंबरासकट पावती घ्या.