मक्याच्या पानाच्या फोटोवरून हरितद्रव्य : संगणकावर ०.९३, शेतात ०.३८. सीएनएन लावू का?

प्रश्न : तुरा_कणीस

रब्बी मका, मध्यम काळी जमीन. नत्राच्या चार मात्रा (०, ६०, १२०, १८० किलो प्रतिहेक्टर), तीन पुनरावृत्ती, म्हणजे १२ वाफे. वाफ्यातली ५ झाडं, झाडाचं एक पान, पानाचे ५ फोटो. एकूण ३०० फोटो.

रसायनाची बाजू : पानाच्या बुडाकडचा ०.१ ग्रॅम तुकडा ८० टक्के ॲसिटोनमध्ये खलून १० मिली केला, ६६३ आणि ६४५ नॅनोमीटरला ओडी (अर्कानं किती प्रकाश शोषला त्याचा आकडा) घेतली, आर्नॉनचं (१९४९) सूत्र लावलं. उत्तर मिलिग्रॅम प्रतिग्रॅम ओलं वजन. ६६३ची ओडी बहुतेक वेळा १.६ ते १.९ येते. क्युव्हेट प्लॅस्टिकचे आहेत, हल्ली जरा धुरकट दिसतात.

फोटोची बाजू : पांढऱ्या ए-फोर कागदावर पान, उन्हात, फोन ऑटोवर. ओपनसीव्हीने (चित्रांवर काम करणारी सॉफ्टवेअर लायब्ररी) एचएसव्ही (रंगछटा, संपृक्तता, उजळपणा) करून डीजीसीआय (गडद हिरवेपणाचा निर्देशांक) काढला. आकडे उणे ८०च्या आसपास येतात, पण मॉडेल चालतंय म्हणून तसेच ठेवले. रँडम फॉरेस्ट (अनेक निर्णय-वृक्षांचं मॉडेल), ८०:२० विभागणी, आर-स्क्वेअर (अंदाज मोजलेल्या आकड्याशी किती जुळतो, १ म्हणजे तंतोतंत) ०.९३. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी वेगळ्या वाफ्यांतले फोटो घेऊन तेच मॉडेल चालवलं तर ०.३८.

गाइड म्हणतात, सीएनएन (चित्रांवरून शिकणारं न्यूरल नेटवर्क) लावून बघ. फरक पडेल का?

उत्तर : खलबत्ता

मॉडेल बाजूला ठेवा. ज्या आकड्याशी फोटो जुळवताय तोच आकडा डळमळीत आहे.

क्युव्हेट धुरकट होतायत कारण ॲसिटोन पॉलिस्टायरीन खातं. भिंत धुरकट झाली की प्रकाश विखुरतो आणि ओडी फुगते, तीही प्रत्येक क्युव्हेटमध्ये वेगळी. ते सगळे टाकून द्या. काच किंवा क्वार्ट्झच वापरा. सेंट्रिफ्यूजच्या नळ्या पॉलिप्रॉपिलीनच्या चालतात, पॉलिकार्बोनेटच्या चालत नाहीत.

१.९ ओडी म्हणजे यंत्राच्या कुवतीबाहेर. यंत्रात १ टक्का भटका प्रकाश असला तरी खरी २.० ओडी १.७० दिसते. ०.६० मात्र ०.५९ दिसते, म्हणजे जवळपास शाबूत. थोडक्यात, सर्वांत हिरव्या पानांचे आकडे तुम्ही स्वतःच दाबून ठेवलेत. १ मिली अर्कात २ मिली ८० टक्के ॲसिटोन घाला, ओडी ०.३ ते ०.८ मध्ये आणा आणि उत्तराला ३ने गुणा. ७५० नॅनोमीटरलाही रीडिंग घ्या. तिथे हरितद्रव्य शोषत नाही, जे दिसतं तो गढूळपणा. ०.०१च्या वर गेलं तर पुन्हा सेंट्रिफ्यूज करा, नुसती वजाबाकी करून भागवू नका.

सूत्रही बदला. आर्नॉनचं सूत्र हरितद्रव्य अ आणि ब यांचं गुणोत्तर चुकवतं. पोरा व सहकाऱ्यांची १९८९ची सूत्रं ८० टक्के ॲसिटोनसाठीच आहेत :

अ = १२.२५ × ओडी(६६३.६) − २.५५ × ओडी(६४६.६)
ब = २०.३१ × ओडी(६४६.६) − ४.९१ × ओडी(६६३.६)

उत्तर मायक्रोग्रॅम प्रतिमिली. दोन्ही ओड्यांतून ७५०ची ओडी आधी वजा करायची. यंत्र एका वेळी सोडतं तो तरंगलांबीचा पट्टा २० नॅनोमीटर रुंद असेल तर कोणतंच सूत्र तुम्हाला वाचवणार नाही, कारण अरुंद शिखर सपाट दिसतं. विभागात दुसरं चांगलं यंत्र असेल तर तिकडे जा.

आता एकक. फोटो पृष्ठभाग बघतो, तुम्ही त्याला वजनाशी जुळवताय. सकाळी पानात ८० टक्के पाणी आणि दुपारी ७५ टक्के असेल, तर हरितद्रव्य तेवढंच राहूनही प्रतिग्रॅम आकडा २५ टक्क्यांनी वाढतो. म्हणून चकत्या पाडा. १० मिलिमीटर व्यासाच्या कॉर्क बोअररने ३ चकत्या म्हणजे २.३६ चौरस सेंटिमीटर. त्या १० मिलीत काढल्या तर निरोगी मक्याची ओडीही सहसा आवाक्यात राहते. उत्तर मायक्रोग्रॅम प्रतिचौरस सेंटिमीटर.

खलताना खलात चिमूटभर मॅग्नेशियम कार्बोनेट टाका. पानातलं आम्ल हरितद्रव्यातलं मॅग्नेशियम हुसकावतं, मग फिओफायटिन होतं आणि अर्क शेवाळी-तपकिरी दिसू लागतो. खल बर्फावर, खोलीत अंधूक उजेड, नळीला बूच. ॲसिटोन उडालं की आकारमान घटतं आणि आकडा वर जातो.

उत्तर : तिसरा_चॅनेल

वरचं सगळं मान्य. आता उणे ८०चं कोडं, कारण ते सोपं आहे आणि फार जणांकडून होतं.

डीजीसीआयचं सूत्र (कार्चर आणि रिचर्डसन, २००३) : [(एच − ६०)/६० + (१ − एस) + (१ − बी)] / ३. यात एच ० ते ३६० अंशांत, एस आणि बी ० ते १ मध्ये. ओपनसीव्ही आठ-बिट प्रतिमेत एच ० ते १७९ देतं, म्हणजे निम्मा, आणि एस, व्ही (म्हणजे सूत्रातला बी) ० ते २५५. समजा पिक्सेल ४५, १४०, ११० आहे. तसाच घातला तर उणे ८२.७५. एच दुप्पट करून ९०, एस ०.५४९, व्ही ०.४३१ घेतलं तर ०.५०७. तुमच्या आकड्यात रंगछटेचा वाटा जवळजवळ शून्य आहे. तुम्ही मोजताय ती फक्त संपृक्तता आणि उजेड. उजेड बदलला की मॉडेल कोसळणारच. शिवाय ओपनसीव्हीचं इमरीड (फोटो उघडणारं फंक्शन) चॅनेल निळा-हिरवा-लाल अशा क्रमाने वाचतं. रूपांतर करताना आरजीबीचा कोड दिला असेल तर लाल-निळे उलटे झालेत. एका फोटोवर लाल पेन ठेवून तपासा.

कागदाची भानगड वेगळी. ए-फोरमध्ये चकाकी आणणारी द्रव्यं असतात, ती उन्हातल्या अतिनील प्रकाशात निळसर चमकतात. ऑटो व्हाइट बॅलन्स त्या निळ्याला पांढरं धरतो आणि पान पिवळट होतं. ऑटो एक्स्पोजर कागद राखाडी करायला जातो आणि पान काळपट होतं. काही फोन तर पान ओळखून हिरवा रंग स्वतःच वाढवतात. एआय सीन आणि एचडीआर दोन्ही बंद.

स्वस्तातला बंदोबस्त : आतून मॅट काळा केलेला खोका, वर दुधी ॲक्रिलिकमागे एलईडी, फोनला ठरलेल्या उंचीवर भोक. आयएसओ १००, शटर १/१०० किंवा १/५० सेकंद (आपली वीज ५० हर्ट्झची, मधले वेग घेतले तर फोटोत पट्टे येतात), व्हाइट बॅलन्स ५००० केल्विनवर पक्का, फाइल डीएनजी (फोनने प्रक्रिया न केलेली कच्ची फाइल). प्रत्येक फोटोत पानाशेजारी १८ टक्क्यांचं करडं कार्ड. सत्राच्या सुरुवातीला २४ चौकोनी रंगपट्टीचा एक फोटो घ्या आणि त्यावरून रंग दुरुस्त करणारी ३×३ मॅट्रिक्स लघुतम वर्गाने (लीस्ट स्क्वेअर्स) काढा. हे गणित रेषीय किमतींवर करायचं. जेपीईजीच वापरायची वेळ आली तर आधी एसआरजीबीचा गॅमा उलटवा : किंमत क (० ते १ मध्ये) ०.०४०४५च्या वर असेल तर ((क + ०.०५५)/१.०५५)^२.४, नाहीतर क/१२.९२. फोन बदलला की मॅट्रिक्स नवी.

आणि फोटो अख्ख्या पानाचा, रसायन बुडाच्या तुकड्याचं, हे चालणार नाही. मक्याच्या पानात बुडापासून टोकापर्यंत हिरवेपणा सरकत जातो. लांबीच्या मध्यावर, मधली शीर आणि कडा यांच्या मधोमध आधी फोटो, मग नेमक्या तिथेच चकत्या. मधली पांढरट शीर मास्कमधून (फोटोतल्या मोजायच्या भागातून) वगळा. चकाकणारे पिक्सेलही वगळा. तिथे आकाश दिसतं, पान नाही.

उत्तर : मुक्त_अंश

तुमच्याकडे ३०० नमुने नाहीत, ६० आहेत. एका पानाच्या ५ फोटोंना उत्तर एकच, आणि ८०:२० यादृच्छिक विभागणीत त्यातले ४ शिकवणीला अन् १ परीक्षेला जातो. पेपर फुटलाय. ०.९३ त्यातूनच येतो. विभागणी वाफ्यानुसार करा : एक वाफा बाहेर ठेवायचा, अकरांवर शिकवायचं, असं १२ वेळा. सायकिट-लर्नमध्ये (पायथनची लायब्ररी) यासाठी लीव्ह-वन-ग्रुप-आउट आहे, गट म्हणून वाफ्याचा क्रमांक द्या. वैशिष्ट्यांची निवडही त्या फेरीच्या आतच.

एक प्रश्न : फोटो कोणत्या क्रमाने घेतले? फाइलीतली वेळ आणि नत्राची मात्रा यांचा आलेख काढा.

६० नमुन्यांवर सीएनएन शिकवणं म्हणजे पाठांतर करून घेणं. २-३ वैशिष्ट्यांचं साधं प्रतीपगमन (रिग्रेशन) आधी चालवा. आणि एक चाचणी : पान झाकून फक्त पार्श्वभूमी मॉडेलला द्या. तरी उत्तर येत असेल तर मॉडेल पान बघतच नाही. प्लांटव्हिलेज या रोगट-निरोगी पानांच्या संचातल्या ५४,३०६ चित्रांवर २०१६ मध्ये ९९.३५ टक्के अचूकता दाखवली गेली. त्याच अभ्यासात वेगळ्या परिस्थितीतल्या चित्रांवर ती ३१ टक्क्यांवर आली. पुढे २०२२ मध्ये कोणीतरी त्या संचातल्या चित्रांच्या पार्श्वभूमीचे फक्त ८ पिक्सेल घेतले आणि ३८ वर्गांत ४९ टक्के अचूकता मिळवली.

तुरा_कणीस

फोटो मात्रेच्या क्रमाने घेतले होते. ०चे वाफे सकाळी ९ला सुरू, १८०चे १२च्या सुमारास. म्हणजे मॉडेल ऊन मोजत होतं. डीजीसीआय दुरुस्त केला, आता ०.४ ते ०.६ मध्ये येतो. वाफा बाहेर ठेवून आर-स्क्वेअर ०.४४.

दोन शंका. जुने अर्क ८ दिवस फ्रिजमध्ये आहेत, ते पातळ करून पुन्हा मोजता येतील का? आणि प्रबंधाचं शीर्षक 'नत्राची कमतरता ओळखणे' असं आहे, ते टिकेल का?

उत्तर : बांधावरून

शीर्षकाचं सांगतो. फोटोतून फार तर हरितद्रव्य मिळेल, नत्र नाही. चुनखडीयुक्त काळ्या जमिनीत लोह आणि जस्त अडकून राहतं आणि पान तरीही पिवळं पडतं. मक्यात नत्र कमी पडलं तर पिवळेपणा खालच्या जुन्या पानांवर, टोकाकडून मधल्या शिरेच्या बाजूने आत इंग्रजी व्हीच्या आकारात येतो. लोहाचा पिवळेपणा कोवळ्या पानांवर, शिरा हिरव्याच. जस्ताचे पांढरट पट्टे नव्या पानाच्या बुडाकडच्या अर्ध्या भागात. गंधकाचाही कोवळ्या पानांवरच दिसतो. तुमचा डीजीसीआय या सगळ्यांना एकच आकडा देईल.

त्यामुळे नत्र वेगळं मोजा. त्याच पानाचा उरलेला भाग ६५ अंशांवर वाळवा, दळा, ०.२ ग्रॅम घेऊन केल्डाल (नत्र मोजायची पद्धत) करा. टायट्रेशनला ०.१ नॉर्मल आम्लाचा १ मिली म्हणजे १.४ मिलिग्रॅम नत्र. कोऱ्या नमुन्याचं रीडिंग वजा करायला विसरू नका.

१२० आणि १८०मध्ये फरक दिसला नाही तर मॉडेलला दोष देऊ नका. गरजेपेक्षा जास्त नत्र दिलं तरी हरितद्रव्य एका मर्यादेपलीकडे वाढत नाही, आणि गडद पानात लाल चॅनेल तळाला टेकलेला असतो. क्लोरोफिल मीटरवाले म्हणून तर निरपेक्ष आकडा वापरत नाहीत. भरपूर नत्र दिलेल्या पट्ट्याशी गुणोत्तर काढतात आणि ते ०.९५च्या खाली गेलं की वरखत द्यायचं ठरवतात. तुमचे १८०चे वाफे तोच पट्टा धरा. तुरा येईपर्यंत वरचं पूर्ण उमललेलं पान घ्या, नंतर कणसाजवळचं. दोन्ही मिसळू नका.

उत्तर : खलबत्ता

जुने अर्क ओतून द्या, अर्थात विद्रावकाच्या टाकाऊ बाटलीत, बेसिनमध्ये नाही. ८ दिवसांत किती फिओफायटिन झालं आणि बुचातून किती ॲसिटोन उडालं, हे आता वेगळं काढता येणार नाही. पानं उणे ८० अंशांवर ठेवली असतील तर त्यांतून नव्याने काढा. नुसत्या फ्रिजमधली पानं कामाची नाहीत.

पीक उभं आहे तोवर दोन फेऱ्या करा, १५ दिवसांच्या अंतराने. दर फेरीला एका पुनरावृत्तीतले चारही वाफे चिठ्ठ्या टाकून ठरलेल्या क्रमाने संपवा, मगच पुढची पुनरावृत्ती. म्हणजे ऊन चढलं तरी ते पुनरावृत्तीच्या खात्यात जाईल, मात्रेच्या नाही. दर दहाव्या पानाच्या चकत्या दुप्पट काढा आणि दोन वेगळे अर्क करा. त्या जोड्यांत ५ टक्क्यांहून जास्त फरक पडत असेल तर फोटोला हात लावण्याआधी खलाकडे परत या.

तुरा_कणीस

काचेचे चार क्युव्हेट मिळाले. खोका उद्या.

तिसरा_चॅनेल

खोक्यातला एलईडी लावल्यावर १०-१५ मिनिटं तापू द्या, मग करड्या कार्डाचे पाच फोटो घ्या. कार्डाचा आकडा १-२ टक्क्यांहून जास्त हलत असेल तर ड्रायव्हर (एलईडीला वीज पुरवणारा भाग) बदला, आणि तो बदलल्यावरच रंगपट्टीचा फोटो.