लेखक गेल्यावर आलेला पुढचा भाग तुम्ही वाचता का? (अनुभव सांगा)

विश्रामबागकर
परवा माळा आवरताना आण्णांची ट्रंक निघाली. २०१९ ला गावभागातलं घर पाण्यात गेलं तेव्हा कोरडी राहिलेली हीच एक. आत 'ड्यून' या इंग्रजी विज्ञान-कादंबरीचे सहाही भाग. सहाव्याच्या शेवटच्या पानावर पेन्सिलीनं आण्णांचं अक्षर, "पुढे?" आणि त्याखाली निळ्या शाईत, "गेला. ८६."

ज्यांनी वाचलं नाही त्यांच्यासाठी: सहावा भाग १९८५ ला आला. मंडळी जहाजात बसून कुठल्यातरी अनोळखी अवकाशात निघून गेली, आणि पुढच्याच वर्षी लेखक फ्रँक हर्बर्टही गेले. वीस वर्षांनी मुलगा ब्रायन आणि केव्हिन अँडरसन यांनी ती गोष्ट पुरी केली, २००६ आणि २००७ अशा दोन पुस्तकांत. मी मोठ्या हौसेनं पुण्याहून पहिलं आणलं. आण्णा म्हणाले, "चष्म्याचा नंबर बदललाय, मग बघू." चष्मा आला. पुस्तक कपाटावरच.
आण्णा जाऊन बारा वर्षं झाली. आता ते माझ्या उशाशी आहे आणि उघडायला हात होत नाही. तुमचं काय?

हरभटरोड
बँकेच्या लॉकरात फ्लॉप्या सापडल्या म्हणे त्या मुलाला. तीसेक पानांचा आराखडा. बापाचं एक पुस्तक, पोरानं दोन केली. आमच्या चुलत्यांनी एका प्लॉटचे असेच दोन केले, दोन्हीला रस्ता नाही 😀

मिरजेची माई
कुकर लावलाय, पटकन लिहिते. लहानपणी वाचनालयातून आणलेल्या रहस्यकथेचा शेवटचा फर्माच नव्हता. बाबांनी शेवट सांगितला, खुनी म्हणजे वाड्यातला घड्याळजी. पंचवीस वर्षांनी सबंध प्रत मिळाली. घड्याळजी त्या पुस्तकात एकदाच येतो, किल्ली देतो आणि जातो. खुनी भाचा. इतका पांचट शेवट! मी अजून मुलांना घड्याळजीचाच सांगते.

हरभटरोड
माई वाचनालय कुठलं?

मिरजेची माई
नाव नको, फाटलेल्या पुस्तकाचा दंड आमच्याकडूनच घेतला होता. शिट्टी झाली, आले.

आयर्विन_खालचा
मी ड्यूनचे ते दोन्ही वाचले. गोष्ट पुढं सरकते, भांडणं मिटतात, सगळं होतं. पण थोरल्या हर्बर्टचं एक वाक्य वाचून मी गच्चीवर फेऱ्या मारायचो. इथं एका रविवारात दोनशे पानं उरकली. अडलंच नाही कुठं, हीच तक्रार. पण ज्याला फक्त 'पुढं काय झालं' एवढंच पाहिजे त्यानं वाचावं की, पाप नाही.

निवृत्त मास्तर
आपण ज्या प्रकाराला कादंबरी म्हणतो त्याचं नावच अशा अर्ध्या राहिलेल्या पुस्तकावरून आलंय. बाणभट्ट मध्येच गेला, उत्तरभाग मुलानं लिहिला. आणि मुलगा आरंभीच सांगून टाकतो की बाबांबरोबर कथाही तुटली, तिच्या अपुरेपणाचं सज्जनांना दुःख झालेलं पाहून हे हाती घेतलं, कवित्वाच्या गर्वानं नव्हे. खरं सांगायचं तर तीस वर्षांत वर्गात मी पूर्वभागच शिकवला. उत्तरभागापर्यंत परीक्षा यायची.

कुपवाड एमआयडीसी
सेकंड शिफ्टला निघालोय. ॲसिमॉव्ह १९९२ ला गेल्यावर 'फाउंडेशन'ला बेनफर्ड, बेअर, ब्रिन असे तिघं लागले, १९९७, ९८, ९९, दरवर्षी एक. एक वाचून सोडलं. पण मला सांगा, खुद्द ॲसिमॉव्हनीच १९५३ नंतर जवळजवळ तीस वर्षांनी चौथा भाग काढला. तीस वर्षांनी तोच माणूस राहतो का ओ? मी तर तीन वर्षांपूर्वीचा माझाच मशीनचा प्रोग्राम बघून कुणी लिहिला म्हणून शिव्या दिल्या.

आयर्विन_खालचा
😂😂 सही तुमचीच असणार खाली

पुण्यातली सांगलीकर
डग्लस ॲडम्स २००१ ला गेले, जेमतेम ४९ वर्षांचे. 'हिचहायकर'चा पाचवा भाग फार उदास झाला, सहावा लिहायला आवडेल असं ते स्वतःच म्हणत. मग बायकोच्या संमतीनं ओवेन कोल्फरनी २००९ ला लिहिला. लोकलमध्ये वाचला तेव्हा हसू आलं, पण कुणीतरी आवाजाची नक्कल करतंय आणि आपण भिडेखातर हसतोय तसं. संमती होती म्हणून राग नाही.
अवांतर: पुढच्या शनिवारी कुणी सांगलीहून पुण्याला येतंय का? भडंग पाहिजे. कमी तिखट नको.

हरभटरोड
मी येतोय. किती किलो?

निवृत्त मास्तर
मे २०२५ मध्ये नारळीकर गेले तेव्हा नातीनं विचारलं, आता त्यांच्या गोष्टी पुढं कोण लिहिणार. मी तिला त्यांची पहिली विज्ञानकथा १९७४ च्या स्पर्धेत कशी गेली ते सांगितलं. टोपणनाव नारायण विनायक जगताप, स्वतःचीच आद्याक्षरं उलटी करून. नात म्हणाली, मग आताही कुणीतरी उलट्या नावानं लिहीत असेल. मी गप्प.

कुपवाड एमआयडीसी
नात हुशार आहे. जेवणाची सुट्टी म्हणून आणखी एक: वेल्सच्या कालयंत्राला १९९५ ला, बरोबर शंभर वर्षांनी, स्टीफन बॅक्स्टरनी पुढचा भाग लिहिला. तो मात्र दोनदा वाचलाय. शंभर वर्षांचं अंतर असलं की कुणी कुणाच्या पाटावर बसल्यासारखं वाटत नाही. इथं पोरगाच बसलाय, तेच अवघड.

मिरजेची माई
विश्रामबागकर, आण्णांनी खरंच उघडलं नव्हतं का ते? पानं बघा एकदा. आमचे बाबा 'मी गोड खात नाही' म्हणायचे आणि डब्यातला लाडू कमी व्हायचा.

विश्रामबागकर
माई, बघितलं. कव्हरवर पांढरे डाग. आईला विचारलं तर म्हणते, "ते होय, जाडजूड आहे म्हणून गच्चीत पापडाच्या प्लास्टिकवर ठेवायचे मी, वाऱ्याला." म्हणजे उडदाचं पीठ.
पण १८७ व्या पानात एसटीचं तिकीट आहे, सांगली-मिरज, घडी घातलेलं. आईला इंग्रजी येत नाही. आणि मी तर उघडलेलंच नाही.

आयर्विन_खालचा
१८८ पासून धरा की मग.

पुण्यातली सांगलीकर
दोन किलो. आणि लसूण जास्त असलेला.