भुईमुगाच्या वन्य प्रजाती: पीएचडीसाठी हा विषय घ्यावा का?

तेजू_बीज

नमस्कार. वनस्पती पैदास या विषयात पीएचडीला प्रवेश घेतला आहे आणि विषय ठरवायची वेळ आली आहे. मला भुईमुगाच्या वन्य प्रजातींवर काम करायचंय, तेही टिक्का आणि तांबेरा या पानांवरच्या दोन बुरशीजन्य रोगांसाठी. दोन्ही एकत्र आले की निम्मं पीक जाऊ शकतं. लागवडीच्या भुईमुगात चांगली प्रतिकारशक्ती क्वचित सापडते, वन्य प्रजातींत मात्र ती आहे. एकट्या इक्रिसॅटच्या (हैदराबादजवळची आंतरराष्ट्रीय पीक संशोधन संस्था) जनुकपेढीत, म्हणजे बियाण्यांचे नमुने जपणाऱ्या पेढीत, भुईमुगाचे 15,000 हून जास्त नमुने आहेत. एवढा साठा हाताशी असताना पैदासकार त्याच चार चांगल्या वाणांचे आपसांत संकर का करत बसतात, हे मला कळत नाही.

मार्गदर्शक म्हणतात, "वन्य प्रजातीला हात लावलास तर तीन वर्षांत दाखवण्यासारखं काही हाती येणार नाही. दोन चांगले वाण घे, संकर कर, मार्कर (हवं जनुक ओळखायची डीएनएतली खूण) लाव, प्रबंध लिही." ते माझ्या भल्याचंच सांगताहेत. पण मन मानत नाही.

ज्यांनी हे काम केलंय त्यांना दोन गोष्टी विचारायच्या आहेत. मुदतीत बसेल अशी सुरुवात नेमकी कुठून करावी? आणि सगळे जण एकाच वन्य नमुन्यातून प्रतिकारशक्ती घेत असतील, तर त्याला विविधता म्हणायचं का?

जुना_पैदासकार

तुमच्या मार्गदर्शकांची भीती खरी आहे, निष्कर्ष मात्र मला मान्य नाही. माझी सगळी नोकरी भुईमुगात गेली, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

लागवडीच्या भुईमुगात 40 गुणसूत्रं असतात, बहुतेक वन्य प्रजातींत 20. सुमारे दहा हजार वर्षांपूर्वी दक्षिण अमेरिकेत ड्युरानेन्सिस आणि इपेन्सिस या दोन वन्य प्रजातींचा संकर झाला, गुणसूत्रं दुप्पट झाली आणि आजचा भुईमूग तयार झाला. हे एकदाच घडलं, फार तर मोजक्या वेळा. गुणसूत्रांची संख्या बदलल्यामुळे नव्या झाडाचा आपल्या वन्य गोतावळ्याशी संबंध जवळजवळ तुटला. म्हणून जगभरचे भुईमूग वरून कितीही निराळे दिसोत, दाणा लाल असो की गुलाबी, वाण उपट्या असो की पसऱ्या, आतून ते एकमेकांच्या फार जवळचे आहेत. पैदासकार चार वाणांत फिरत राहतात त्यात आळस नसतो. त्या चार वाणांच्या बाहेर पाऊल टाकलं की रस्ताच अवघड होतो.

किती अवघड, तेही सांगतो. लागवडीच्या झाडावर वन्य झाडाचे परागकण लावले तर रोपात 30 गुणसूत्रं येतात. झाड वाढतं, फुलतं, पण वांझ असतं. मग कोल्चिसिन हे गुणसूत्रं दुप्पट करणारं रसायन वापरून ती 60 करायची, आणि पुढे पिढ्यान्‌पिढ्या स्वपरागीकरण किंवा लागवडीच्या वाणाशी पुन्हा संकर करत ती 40 वर आणायची. वाटेत जी गुणसूत्रं गळतात त्यांच्याबरोबर आपल्याला हवं असलेलं जनुकही गळू शकतं. आणि सगळं काम हाताचं. संध्याकाळी कळी हलकेच उघडून चिमट्याने पुंकेसर काढायचे, दुसऱ्या दिवशी सकाळी लवकर पराग लावायचे, दोऱ्याने खूण करायची, आरी (फुलानंतर जमिनीत शिरणारा, टोकाला शेंग धरणारा देठ) जमिनीत उतरेपर्यंत माती भुसभुशीत आणि ओलसर ठेवायची. वन्य संकरात कित्येकदा आरी निघते, मातीत शिरते, आणि आत गर्भ वाढतच नाही. काढणीला अशा रिकाम्या आऱ्याच जास्त हाती येतात. हुशार मुलं याच टप्प्यावर विषय बदलताना मी पाहिली आहेत, आणि त्यांना बोल लावावा असं मला कधी वाटलं नाही.

तरीही हे काम करण्याजोगं आहे असं मी म्हणतो, त्याचं कारण अरॅकिस कार्डेनासाय. बोलिव्हियातून गोळा केलेल्या या वन्य प्रजातीचा लागवडीच्या भुईमुगाशी संकर 1960 च्या दशकात अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिनात झाला, आत्ता सांगितला त्याच 60 गुणसूत्रांच्या मार्गाने. त्यातून निघालेली बीजं कुणी कुलुपात ठेवली नाहीत, देशोदेशीच्या संशोधकांना वाटली. इक्रिसॅटमध्ये त्या वंशातून ओळी, म्हणजे निवडत निवडत स्थिर केलेले पैदाशीचे वंश, तयार झाल्या. त्यातली एक, आयसीजीव्ही 86855, वापरून धारवाडच्या कृषी विद्यापीठात जीपीबीडी 4 हा टिक्का आणि तांबेरा दोन्हींना तोंड देणारा वाण निघाला. मग जीपीबीडी 4 मधला तांबेरा रोखणारा भाग मार्करच्या साहाय्याने जेएल 24, टीएजी 24 आणि आयसीजीव्ही 91114 या लोकप्रिय वाणांत उतरवला गेला. ते काम 2014 मध्ये प्रसिद्ध झालं. आणि 2021 मध्ये जनुकीय तपासणीतून दिसलं की कार्डेनासायचे तुकडे सुमारे 30 देशांतल्या वाणांत पोचले आहेत. जिथे बुरशीनाशक परवडत नाही किंवा वेळेवर मिळत नाही, तिथे पान शेवटपर्यंत हिरवं ठेवण्याचं काम तो तुकडा फुकट करतो. या साखळीत सुरुवातीची कडी जोडणाऱ्याला शेवटची कडी बहुधा दिसत नाही.

एक धोका मात्र आधीच लक्षात घ्या. वन्य तुकडा एकटा येत नाही, शेजारची नको असलेली जनुकंही सोबत आणतो. सूत्रकृमीला (मुळांवर जगणारे सूक्ष्म किडे) दाद न देणारा कोआन हा वाण 1999 मध्ये आला. प्रतिकार उत्तम, पण जिथे सूत्रकृमी नाही तिथे उत्पन्न कमी. 2002 मध्ये निमाटॅम आला तेव्हा ती उणीव बरीच भरून निघाली. तेव्हा फक्त रोग मोजू नका. शेंगांचं वजन, उतारा (शेंगांतून निघणाऱ्या दाण्यांचं प्रमाण), पक्व व्हायला लागणारे दिवस, सगळं त्याच ओळींत मोजा.

आता तुमचा पहिला प्रश्न. कच्च्या वन्य प्रजातीपासून सुरुवात करू नका. इपेन्सिस आणि ड्युरानेन्सिस यांचा संकर करून, गुणसूत्रं दुप्पट करून, 40 गुणसूत्रांचा कृत्रिम भुईमूग ब्राझीलमध्ये तयार झालेला आहे. 2006 मध्ये तो प्रसिद्ध झाला. तो लागवडीच्या वाणाशी सरळ संकर पावतो, 30 आणि 60 चा फेराच चुकतो. सेनेगलमध्ये त्याचा फ्लर 11 या वाणाशी संकर करून 122 ओळींचा संच केला गेला, ज्यात प्रत्येक ओळीत वन्य गुणसूत्राचा थोडाच तुकडा आहे. असं तयार साहित्य मागवा. तीन वर्षांत मोजमाप करून प्रबंध नक्की होतो.

पेढीतला_माणूस

मी जनुकपेढीत काम करतो, दुसऱ्या बाजूने थोडं लिहितो.

15,000 हा आकडा ऐकायला मोठा वाटतो, पण तेवढे नमुने कुणीच शेतात तपासू शकत नाही. म्हणून इक्रिसॅटने 14,310 नमुन्यांतून 1,704 चा गाभा संच (सगळ्या विविधतेचं प्रतिनिधित्व करणारे निवडक नमुने) आणि त्यातून 184 नमुन्यांचा छोटा संच काढला. तो 2002 पासून उपलब्ध आहे. वन्य प्रजातीच हव्यात असा हट्ट धरण्याआधी या 184 मध्ये काय आहे ते बघा. दुष्काळ, दाण्याचा आकार, तेल अशा गुणांसाठी बऱ्याचदा इथेच काम भागतं. टिक्क्यासाठी मात्र जुने_पैदासकार म्हणतात तेच खरं, वन्य बाजूला जावं लागेल.

वन्य बी मागवणार असाल तर कागद आजच सुरू करा. साहित्य हस्तांतराचा करार, वनस्पती रोगमुक्तता प्रमाणपत्र, आयात परवाना, मग क्वारंटाइनमधली वाढ, यात आख्खा हंगाम सहज जातो. बी मूठभर मिळेल अशीही अपेक्षा नको. वन्य भुईमुगाच्या शेंगेचे दोन कप्पे लांब देठीने जोडलेले असतात, काढताना ते तुटतात आणि बी मातीत विखुरतं. आम्ही ही झाडं मोठ्या कुंड्यांत लावतो आणि शेवटी सगळी माती चाळतो. एका झाडाचं बी शेजारच्या नमुन्यात मिसळलं तर तो नमुना गेलाच म्हणून समजा. मिळालेल्या बियांत सुप्तावस्थाही असते. इथ्रेल या रसायनाच्या द्रावणात भिजवून पेरा, उगवण बरी होते.

आणि एक विनंती. आमच्याकडून बी घेणारे पुष्कळ, निरीक्षणं परत पाठवणारे फार थोडे. तुमच्या शेतात जे दिसेल ते आम्हाला कळवा. पुढचा माणूस त्यावरूनच निवड करतो.

तेजू_बीज

दोघांचे मनापासून आभार. कृत्रिम भुईमुगाचा मार्ग माझ्या लक्षातच आला नव्हता. मार्गदर्शकांना हा धागा दाखवला, ते विचार करायला तयार आहेत. त्यांचाही तोच प्रश्न आहे: 30 देशांत एकच कार्डेनासाय, मग उद्या बुरशी बदलली तर?

जुना_पैदासकार

प्रश्न अगदी योग्य आहे आणि त्याचं उदाहरण मक्यात घडून गेलं आहे. 1970 मध्ये अमेरिकेत पानांवरच्या करप्याने सुमारे 15 टक्के मका गेला. बाजारात नावं अनेक होती, पण बहुतेक संकरित बियाण्यात पेशीद्रव्य (पेशीतला केंद्रकाबाहेरचा भाग) एकच, टेक्सास जातीचं. कारण त्यामुळे तुऱ्यात कामाचे परागकण तयार व्हायचे नाहीत आणि तुरे खुडण्याची मजुरी वाचायची. बुरशीचा नवा प्रकार नेमका त्याच पेशीद्रव्यावर तुटून पडला.

तेव्हा कार्डेनासाय घेऊ नका. तिथे आधीच गर्दी आहे. अरॅकिस मॅग्ना या दुसऱ्या वन्य प्रजातीत तांबेऱ्याला प्रतिकार आहे, स्टेनोस्पर्मा या आणखी एका प्रजातीत टिक्का आणि सूत्रकृमी दोन्हींना. या दोघींच्या संकरातूनही 40 गुणसूत्रांचं कृत्रिम झाड तयार केलेलं आहे. बॅटिझोकॉय ही वन्य प्रजाती आणि स्टेनोस्पर्मा यांचंही आहे. माझ्या मते तुमचा विषय इथे आहे: या नव्या दात्यांतला प्रतिकार कार्डेनासायच्या जागेवरच बसतो की गुणसूत्रावर दुसरीकडे? दुसरीकडे असेल तर दोन्ही एका वाणात एकत्र बसवता येतात, आणि बुरशीला दोन्ही अडथळे एकाच वेळी ओलांडणं फार कठीण जातं.

चाचणी करताना रोग नैसर्गिकरीत्या येईल या भरवशावर राहू नका. टीएमव्ही 2 सारख्या रोगाला लगेच बळी पडणाऱ्या वाणाच्या रांगा मध्ये मध्ये पेरा, त्यांच्यावर बीजाणूंची फवारणी करा, आणि 1 ते 9 च्या मापात गुण द्या. एकदाच गुण देऊन थांबू नका, पीक पक्व होईपर्यंत ठरावीक अंतराने देत जा. काही ओळींत रोग येतो पण सावकाश वाढतो. त्या ओळी एका नजरेत हातच्या सुटतात, आणि शेतकऱ्याच्या उपयोगाच्या बहुधा त्याच असतात.

मार्गदर्शकांना माझा नमस्कार सांगा. संकराचं तंत्र बघायला यायचं असेल तर फुलोऱ्याच्या आधी कळवा, चिमटा आणि भिंग घेऊन मी येतो.