शब्दचर्चा : ‘अतिक्रमणधारक’ की ‘जबरानजोतधारक’?

प्रश्न : वनहक्क दाव्यांवरील एका लेखाचे संपादन करताना अडचण आली आहे. वनजमीन कसणाऱ्या आदिवासी कुटुंबांना लेखकाने ‘अतिक्रमणधारक’ म्हटले आहे, तर गडचिरोलीहून आलेल्या मजकुरात त्याच कुटुंबांसाठी ‘जबरानजोतधारक’ असा शब्द आहे. हे दोन्ही शब्द समानार्थी मानावेत का? जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर : व्यवहारात दोन्ही शब्द एकाच माणसाला लावले जातात, परंतु त्यांची घडण वेगळी आहे. ‘अतिक्रमण’ म्हणजे अति + क्रमण, अर्थात ओलांडून जाणे. ओलांडायला आधी रेषा असावी लागते, आणि ती रेषा आखणारा बरोबर व ओलांडणारा चूक, हे या शब्दात गृहीतच धरलेले असते. ‘जबरानजोत’मधला ‘जबरान’ अरबी-फारसी ‘जब्रन’वरून, म्हणजे ‘बळाने’ या अर्थाने आला आहे, तर ‘जोत’ म्हणजे औत धरून जमीन कसणे. बळजोरीचा आरोप याही शब्दात आहे. मात्र त्या माणसाने तिथे नांगर धरला, शेती केली, ही वस्तुस्थिती या शब्दाने निदान पुसली जात नाही. चंद्रपूर-गडचिरोलीकडे शेतकरी स्वतःही हा शब्द वापरतात, तो बहुधा यामुळेच.

खरा प्रश्न रेषा आधी की नांगर आधी, हा आहे. 1878 आणि 1927 च्या वन कायद्यांनी जंगले ‘राखीव’ व ‘संरक्षित’ ठरवली, तेव्हा त्यांत पिढ्यान्‌पिढ्या कसल्या जाणाऱ्या जमिनीही गेल्या. रायगडच्या डोंगरउतारांवर ठाकूर आणि कातकरी कुटुंबे वनखात्याच्याच परवानगीने नाचणी-वरी पिकवत आली. त्या तुकड्यांना तिकडे ‘दळी’ म्हणतात. काही भागांत वर्षाच्या कराराने दिलेल्या ‘एकसाली’ जमिनी होत्या. ज्याला सरकारनेच जमीन कसायला दिली, त्याचा नातू कागदोपत्री अतिक्रमणधारक ठरावा, हे मला भाषेच्या दृष्टीनेही अन्यायाचे वाटते.

शब्दार्थाने माणसांच्या आयुष्यावर किती परिणाम होतो, याचे ठळक उदाहरण याच क्षेत्रातले आहे. जंगलतोडीविरुद्धच्या गोदावर्मन खटल्यात 12 डिसेंबर 1996 रोजी सर्वोच्च न्यायालयाने ‘वन’ हा शब्द त्याच्या कोशातील अर्थाने घ्यावा, मग जमिनीची मालकी कोणाचीही असो, असे म्हटले. वृक्षतोड रोखण्यासाठी तो आदेश मोलाचा होता. पण याच प्रकरणाच्या पुढच्या सुनावण्यांचा आधार घेऊन केंद्रीय पर्यावरण व वन मंत्रालयाने 3 मे 2002 रोजी राज्यांना अतिक्रमणे हटवण्याचे पत्र पाठवले, आणि त्यानंतर देशात अनेक ठिकाणी गरिबांच्या झोपड्या व उभी पिके हटवली गेली. पर्यावरणरक्षणाचा भार ज्याच्याकडे कागद नाही त्याच्यावर पडला, आणि ‘अतिक्रमण’ या शब्दाने ते सोपे केले.

2006 च्या वनहक्क कायद्याने भाषा बदलली. त्याच्या उद्देशिकेत ‘ऐतिहासिक अन्याय’ हे शब्द आहेत, आणि कायद्याच्या नावात ‘वनहक्कांची मान्यता’ आहे. जे आधीपासून असते, त्यालाच मान्यता देता येते. म्हणून ‘सरकारने जमीन वाटली’ अशी वाक्यरचनाही आपण लेखातून काढून टाकावी, असे मी सुचवीन. 13 डिसेंबर 2005 पूर्वीपासून प्रत्यक्ष कसत असलेल्या, कमाल 4 हेक्टरपर्यंतच्या जमिनीवर हा हक्क मिळतो, आणि पडताळणी पूर्ण होईपर्यंत संबंधितांना तिथून हलवता येत नाही. मग त्या काळात त्यांना अतिक्रमणधारक म्हणणे म्हणजे निकालाआधीच निकाल देणे होय.

प्रश्नकर्ता : आपल्या सविस्तर उत्तराबद्दल आभारी आहे. तरीही एक शंका उरते. अलीकडे खरोखरच नव्याने जंगल तोडून जमीन बळकावली असेल, तर तिथे ‘अतिक्रमण’ लिहू नये का?

उत्तर : तिथे अवश्य लिहावे, आणि ती बळकावणारा बंगलेवाला किंवा खाणवाला असला तरी तितक्याच स्पष्टपणे लिहावे. दावा फेटाळला एवढ्यावरून मात्र हा शब्द लावू नये, कारण त्यावर अपील असते. 13 फेब्रुवारी 2019 रोजी दावे फेटाळलेल्यांना हटवण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने दिला होता आणि 28 फेब्रुवारीला त्यालाच स्थगिती दिली, कारण दावे नीट प्रक्रियेने फेटाळले गेले का, हेच तपासायचे होते. दरम्यानच्या पंधरवड्यात मराठी मथळ्यांत लाखो माणसे ‘अतिक्रमणधारक’ होऊन गेली.

आपल्या लेखात दावा प्रलंबित असेल तेथे ‘वनहक्क दावेदार’, मान्य झाला असेल तेथे ‘वनहक्कधारक’ आणि सर्वसाधारण उल्लेखासाठी ‘वनजमीन कसणारे’ असे लिहावे. गडचिरोलीच्या मजकुरातील ‘जबरानजोतधारक’ बोलणाऱ्याच्या तोंडचा असेल तर तसाच ठेवावा. ‘ताबा असलेला’ या अर्थाने कोणी ‘ताबेदार’ सुचवले, तर मात्र ते घेऊ नये. मराठीत ताबेदार म्हणजे दुसऱ्याच्या हुकमात राहणारा.