मदत हवी आहे: गिरणी कामगारांच्या मुलाखती घ्यायच्या आहेत, तयारी कशी करू?

नमस्कार मंडळी,

मी एम.ए. इतिहासाच्या शेवटच्या वर्षाला आहे. लघुप्रबंधाचा विषय आहे, मुंबईच्या कापड गिरण्यांमधल्या १९८२ च्या संपानंतर लालबाग-परळच्या घरांतली चूल कशी पेटत राहिली.

वाचन बरंच झालंय. १८ जानेवारी १९८२ ला सुरुवात, नेते डॉ. दत्ता सामंत, अडीच लाखांच्या आसपास कामगार, आणि संप रीतसर मागे कधी घेतलाच गेला नाही, हे सगळं छापलेलं मिळतं. पगार थांबल्यावर वाण्याची उधारी कुणी निभावली, गावी कोण परतलं, शाळा कुणाची सुटली, हे मात्र माणसांनाच विचारावं लागणार. आठ-दहा जणांशी बोलायचंय. बहुतेक जण पंचाहत्तरीच्या पुढचे, त्यामुळे पुढच्या वर्षावर ढकलता येत नाही.

गेल्या आठवड्यात सराव म्हणून ओळखीतल्या एका काकांकडे गेले होते. गिरणीच्या साचाखात्यात, म्हणजे कापड विणायच्या विभागात होते, आता डिलाईल रोडला चाळीत राहतात. मी वहीतून वाचून विचारलं, "संपाच्या काळात आर्थिक अडचणी आल्या का?" काका म्हणाले, "आल्या ना." की पुढचा प्रश्न. वीस मिनिटांत बावीस प्रश्न संपले. मी रेकॉर्डिंग बंद केलं, काकूंनी चहा आणला, आणि बशीत चहा ओतता ओतता काका म्हणाले, "भोंगा वाजेनासा झाला तरी पहाटे जाग यायचीच. पहिल्या पाळीची सवय. उठून नुसता बसून राहायचो." आतून काकू बोलल्या, "मी कुठे बसले होते? चाळीस डबे जायचे या घरातून." तिथून पुढचा पाऊण तास दोघं बोलत होते आणि माझा फोन पिशवीत होता. घरी जाताना गाडीत आठवेल तसं उतरवलं, पण ते सगळं माझ्या भाषेत उतरलं. काकूंचं बोलणं गेलं ते गेलंच.

तेव्हापासून प्रश्नांची यादी बाजूला ठेवलीय. आता फक्त पाच-सहा विषय डोक्यात ठेवणार आणि सुरुवात "मुंबईत पहिल्यांदा आलात तेव्हा कुठे उतरलात?" इथून करणार. म्हणजे गाव, गाववाल्यांनी मिळून राहायचा गाळा, खानावळ, दुसऱ्याच्या जागी बदली कामगार म्हणून काढलेले दिवस हे आपसूक येतं. फोन फ्लाइट मोडवर, जोडीला मैत्रिणीचा दुसरा फोन, आणि परवानगी घेतल्यावर चहा होऊन उठेपर्यंत रेकॉर्डिंग चालू. संमतीपत्र सोप्या मराठीत लिहिलंय, ते मीच वाचून दाखवणार. नाव छापायचं की नाही आणि नंतर नको वाटलं तर काय, हे दोन्ही त्यात आहे. कुणी साल चुकीचं सांगितलं तर मध्येच दुरुस्त करायचं नाही, हेही ठरवलंय.

अडतंय ते पुढे. दहा बाय बाराच्या खोलीत नवरा-बायकोशी वेगवेगळं कसं बोलायचं? समोरासमोर विचारलं की काकू म्हणतात, "मला काय कळतंय, यांनाच विचार." आणि बोलता बोलता कुणाचा गळा भरून आला तर? थांबायचं, विषय बदलायचा, की नुसतं शेजारी बसून राहायचं?

सगळ्यात जास्त टोचलंय ते वेगळंच. निघताना काकांनी आतून प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली फाईल आणली. गिरणीचं ओळखपत्र, हजेरीचे कागद, गिरणी कामगारांसाठीच्या म्हाडाच्या घराच्या अर्जाची पावती, सगळं नीट घड्या घालून. म्हणाले, "बाळा, तुझ्या कॉलेजातून पुढे कुणाला सांगता येईल का?" माझ्या हातात तसलं काहीच नाही, हे मी त्यांना सांगितलं, पण अगदी शेवटी, दारात. ते आधीच सांगायला हवं होतं का? आधी सांगितलं तर माणूस बोलेल का? आणि न सांगता बोलवून घेणं मला पटत नाही. माझ्याकडून त्यांना देण्यासारखं एवढंच: रेकॉर्डिंगची प्रत आणि टाईप केलेली मुलाखत, मोठ्या अक्षरांत.

रविवारी सकाळी दहाला करी रोडला पहिली खरी मुलाखत आहे. कुणी अशा मुलाखती घेतल्या असतील तर कृपया शनिवारपर्यंत लिहा. आणि ज्यांच्या आजी-आजोबांकडे असं कुणी विचारायला येऊन गेलंय, त्यांनीही सांगा, घरच्यांना तेव्हा काय खटकलं होतं?