मांगरातलं वायफाय: रिपीटर नको, केबल टाका

घरापासून तीसेक मीटरवरच्या मांगरात (वाडीतल्या खोपटात) वायफायची जेमतेम एक काडी येते, रिपीटर (वायफाय पकडून पुढे पसरवणारं यंत्र) घेऊ का, असं तुम्ही विचारलंय. बऱ्याच जणांनी हो म्हटलंय, पण माझं स्पष्ट मत ‘नको’ असंच आहे. मांगरात ठेवलेल्या रिपीटरला मिळणारा सिग्नलच मुळात अशक्त असतो, आणि एकाच बँडवर (लहरींच्या पट्ट्यावर) घेणं-देणं दोन्ही करताना वेग साधारण निम्मा होतो. त्यात चिऱ्याच्या जाड भिंती, पावसाळ्यात मुरलेली ओल आणि वर पत्रा.

राउटरपासून मांगरापर्यंत केबल न्या आणि तिथे ॲक्सेस पॉइंट (केबलने आलेलं इंटरनेट वायफायने देणारं यंत्र) लावा. नाव-पासवर्ड घरचाच ठेवलात की फोन आपोआप जोडला जातो. कॅट-६ केबल (नेहमीची तांब्याची नेटवर्क केबल) १०० मीटरपर्यंत चालते, म्हणजे अंतराची चिंता नाही.

चिंता आहे ती विजांची. वळवाच्या आणि परतीच्या पावसात दोन इमारतींमधली तांब्याची तार दोन्हीकडची उपकरणं जाळू शकते. कोकणात म्हणूनच मी फायबर (काचेच्या तंतूची केबल) सुचवेन. काचेतून वीज वाहत नाही. दोन्ही टोकांना मीडिया कन्व्हर्टर (फायबर नेहमीच्या नेटवर्क केबलला जोडणारी यंत्रं) लागतात, थोडा खर्च वाढतो, पण तो करावाच. मात्र केबल घेताना आत पोलादी तार नाही ना, हे दुकानात विचारून घ्या. ती असेल तर फायबरचा हा फायदाच जातो. उंदरांनी कुरतडू नये म्हणून केबल पीव्हीसी पाइपमधून न्या.

खर्च करण्याआधी एक करून बघा: राउटर मांगराकडच्या खिडकीत ठेवा आणि २.४ गिगाहर्ट्झवर (वायफायच्या जास्त लांब पोचणाऱ्या बँडवर) जोडा. नुसतं यूपीआय आणि व्हॉट्सॲपच हवं असेल तर कदाचित तेवढ्यावरही भागेल.