टाचेचा टी-स्कोर उणे २.८, आता डेक्सा करायची का?

शेवंती७: सासूबाई ६३ वर्षांच्या. सोसायटीत हाडांचं मोफत शिबिर होतं. टाच मशिनमध्ये ठेवून तपासली, टी-स्कोर (तरुण, निरोगी माणसाच्या तुलनेत हाडांची घनता किती) उणे २.८ आला आणि लगेच पावडरचा डबा खपवला! तेव्हापासून त्या जिना उतरायलाही घाबरतात. पाळी त्रेचाळिशीतच गेली होती, दम्यामुळे स्टिरॉइडच्या गोळ्याही बऱ्याच झाल्यात. डेक्सा (हाडांची घनता मोजणारी एक्स-रे तपासणी) करावी का? केली तर अख्ख्या शरीराची की कसं?

खारेदाणे: डबा राहू दे बाजूला. टाचेची ती तपासणी अल्ट्रासाऊंडची असते. उणे २.५ किंवा त्याखाली म्हणजे ऑस्टिओपोरोसिस (हाडं ठिसूळ होणं), ही जागतिक आरोग्य संघटनेची १९९४ ची व्याख्या. ती डेक्सासारख्या तपासणीच्या आकड्यांना लागू होते, टाचेच्या आकड्याला नाही. पण पाळी लवकर जाणं आणि स्टिरॉइड, या दोन गोष्टींमुळे डेक्सा करायलाच हवी. कमरेचे मणके आणि खुबा, एवढंच सांगा. पूर्ण शरीराच्या पॅकेजची गरज नाही.

निवांत_पुणेकर: +१. मी रेडिऑलॉजीत काम करतो. आदल्या दिवसापासून कॅल्शियमची गोळी बंद. नुकताच बेरियम किंवा डाय देऊन स्कॅन झाला असेल तर आधी सांगा, थांबावं लागतं. चेन-हुकांचे कपडे नकोत, नाडीची सलवार उत्तम. दहा-पंधरा मिनिटं पडून राहायचं, बस. किरणोत्सर्ग छातीच्या एक्स-रेपेक्षाही कमी. आणि पुढच्या वेळी त्याच सेंटरला, त्याच मशिनवर करा. दोन मशिनचे आकडे सरळ शेजारी ठेवून तुलना करता येत नाही, लोक मात्र हेच करतात.

आंबटगोड: फक्त मणक्यांच्या आकड्यावर खूश होऊ नका. माझ्या आईचे मणके 'नॉर्मल' आले आणि खुब्याचा टी-स्कोर उणे २.६. म्हातारपणी मणके झिजून हाडं वाढलेली असतात, ती मोजणीत घनता म्हणून धरली जातात. डॉक्टर कमीत कमी आकड्यावरून ठरवतात.

खारेदाणे: बरोबर. शिवाय नुसत्या आकड्यावर जाऊ नका. शेफिल्ड विद्यापीठाचं फ्रॅक्स नावाचं गणित आहे, भारतासाठीही उपलब्ध. वय, वजन, आधीचं फ्रॅक्चर, आई-वडिलांचा खुबा मोडला होता का, स्टिरॉइड, धूम्रपान वगैरे भरलं की पुढच्या १० वर्षांत हाड मोडण्याची शक्यता टक्क्यांत सांगतं. खुब्याच्या मानेची घनताही त्यात घालता येते. सासूबाईंची उंची कमी झाल्यासारखी वाटते का? तसं असेल तर पाठीचा बाजूने एक्स-रे काढायला सांगा. मणका न दुखताही दबलेला असू शकतो, आणि तसा सापडला तर टी-स्कोर काहीही असो, डॉक्टर ते गांभीर्यानेच घेतात.

शेवंती७: हो, उंची कमी झालीये! मी गंमत समजत होते. एक्स-रेचंही विचारते. आणि मी ३८ ची, मीही करून घेऊ का सोबतच?

निवांत_पुणेकर: पाळी नियमित आहे, स्टिरॉइड नाहीत, हाड मोडलेलं नाही? मग नको. या वयात टी-स्कोर बघतही नाहीत, झेड-स्कोर (आपल्याच वयाच्या लोकांशी तुलना) बघतात.